ताटातलं पुरतं का?

माझी आई निवृत्त होईपर्यंत आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई होती. वाडीवस्तीवर बाळंतपणं करणं, लसी टोचणं, गरोदर बायकांच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटं ठेवणं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, शेतीची पदवीधर. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात ती महिला बचतगटांबरोबर जुनी बियाणी आणि रानभाज्या टिकवण्याचं काम करते. जीवनसत्त्वं आणि खनिजं हा विषय निघाला की दोघींची जुंपते. म्हातारं माणूस भाकरीची बाजू घेईल आणि तरुण गोळीची, असं कुणालाही वाटेल; आमच्याकडे गोळीची बाजू आईची आहे. दोघींचं बोलणं मी सलग करून इथे मांडते आहे, कारण हा वाद मुली असलेल्या प्रत्येक घरात व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ताई : मावशी, शाळेत मुलींना दर आठवड्याला निळी गोळी देतात. माझी पोर ती घेऊन आली की दिवसभर मळमळतं म्हणते. चांगल्या धडधाकट मुलीला औषध कशाला? आजारी आहे का ती?

आई : आजारी नाही, वाढते आहे. त्यातच पाळी सुरू झालीय. महिन्याच्या महिन्याला रक्त जातं आणि त्याच वर्षांत उंची, हाडं, स्नायू सगळं भराभर वाढतं. लोहाची अशी ओढाताण बाईच्या आयुष्यात पुन्हा गरोदरपणातच होते. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच. जेवण झाल्यावर घ्यायला सांग.

ताई : घेईल ती. पण मला एक सांग, लोहाच्या गोळ्या वाटायचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. इतक्या वर्षांत काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के बायकांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत ५७ टक्के. गोळी वाटत गेलो आणि रक्तक्षय वाढत गेला. मग गोळीवर एवढी भिस्त कशाला ठेवायची?

आई : गोळी वाटल्याची नोंद होते गं, गिळल्याची होत नाही. त्याच पाहणीत पुढचं पान बघ. गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या बायका २६ टक्के. चौघींतली एक! बाकीच्या तिघींच्या गोळ्या कुठे असतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फडताळात, उशीखाली, कणगीत. सासू सांगते, गोळीनं बाळ काळं होतं. जाऊ सांगते, बाळ पोटात फार वाढतं आणि बाळंतपण अडतं. शौचाला काळं झालं की बाई घाबरून गोळी बंद करते, आणि काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घेतलीच नाही त्या गोळीला नापास करू नकोस.

इथे मला एक जोडावंसं वाटतं. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजण्याच्या पद्धतीबद्दल आणि रक्तक्षयाची रेषा कुठे आखायची याबद्दल अभ्यासकांमध्ये गंभीर मतभेद आहेत. शिवाय सगळा रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. बी-१२ आणि फोलेट (म्हणजे खाण्यातलं फॉलिक ॲसिड) कमी पडणं, जंत, मलेरिया, सिकलसेल अशीही कारणं असतात. तरीही खरा आकडा ५७ ऐवजी ४० निघाला म्हणून आपल्या मुलींची दमछाक कमी होणार नाही. जिना चढताना थांबणारी, वर्गात डुलक्या काढणारी, पाटीवरची पेन्सिल किंवा भाजलेली माती चोरून खाणारी मुलगी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. माती खावीशी वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि घरात त्याला वाईट खोड म्हणून मार बसतो.

ताई : बरं, गोळी गिळली असं धर. पण लोह जेवणात नाही का? बाजरी आहे, हळीव आहे, राजगिरा आहे, माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला आहे.

आई : आहे की. बेरीज करू या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० साली ठरवलं, कमावत्या वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सहा-साडेसहा मिलिग्रॅम. दोन मोठ्या भाकऱ्यांचं दीडशे ग्रॅम पीठ धरलंस तरी दहाच्या आत. उरलेलं कुठून आणतेस? एवढी पालेभाजी रोज तिच्या वाट्याला येते का?

ताई : तू नुसतं किती खाल्लं ते मोजतेस. अंगी किती लागलं ते बघ ना. तो २९ चा आकडाच मुळी आपल्या जेवणातलं लोह दहा टक्क्यांहूनही कमी शोषलं जातं असं धरून काढलाय. ते शोषण आपल्या हातात आहे. भाजीवर लिंबू पिळ, पानात आवळ्याचं लोणचं नाही तर कच्ची कोशिंबीर वाढ, क जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह सुटं होतं. कडधान्याला मोड आण, पीठ आंबव, त्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. लोखंडी तवा, लोखंडी कढई पुन्हा चुलीवर चढव. आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नकोस, एवढं एक केलं तरी फरक पडतो. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. आपण नॉनस्टिक आणलं, मोड आणायचं सोडलं, जेवणावर चहा घ्यायला लागलो, आणि मग म्हणतो जेवण पुरत नाही.

आई : चहाचं तुझं शंभर टक्के खरं. मी बायकांना सांगून थकले.

ताई : आणि नगर जिल्ह्यातला प्रयोग तुला माहीत आहे. इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांच्या कामातून जास्त लोहाची बाजरी आली, ‘धनशक्ती’. २०१२ साली ती महाराष्ट्रात शेतकऱ्यांपर्यंत गेली. तिची भाकरी १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना रोज दोन वेळा देऊन पाहिली. काहींना नेहमीच्या बाजरीची, काहींना हिची. चार महिन्यांत ‘धनशक्ती’वाल्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. ज्यांच्यात मुळात लोह कमी होतं, त्यांच्यातही दुसऱ्या गटापेक्षा जास्त जणांची कमतरता भरून निघाली. गोळी नाही, मळमळ नाही, शिक्षकांना उभं राहून गिळायला लावायला नको.

आई : चांगलंच झालं. पण ती बाजरी तुझ्या आजीच्या शेतातली नव्हे. शास्त्रज्ञांनी निवडून, वाढवून काढलेली आहे. म्हणजे साध्या बाजरीनं भागत नव्हतं हे त्यांनीही मान्य केलंच की. पूर्वीचं खाणं सगळं चांगलं होतं असं तुम्ही लोक म्हणता, ते मला पटत नाही. गोपालन आणि श्रीकांतिया या हैदराबादच्या डॉक्टरांनी १९६० साली लिहून ठेवलंय. दख्खनच्या पठारावरचे गरीब मजूर वर्षभर ज्वारीच खायचे, त्यांना पेलाग्रा व्हायचा. गळ्याभोवती, हातांवर उन्हानं पोळल्यासारखी काळी कातडी, जुलाब, मग भ्रम. बी गटातलं नायसिन कमी पडायचं.

ताई : ज्वारीला कशाला दोष देतेस? त्यांच्या पानात ज्वारीखेरीज काही नव्हतं.

आई : दोष ज्वारीला नाहीच. पानात दुसरं काही नव्हतं, हेच मी सांगतेय. तुझ्या रानभाज्यांच्या यादीत वीस नावं आहेत. उन्हाळ्यात त्यातल्या किती मिळतात? आणि बाळंतिणीला पालेभाजी द्यायची नाही, बाळाला हगवण लागते, ही रीत कुणाची? आपलीच ना? लेकराला अंगावर पाजणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त गरज असते त्या दिवसांत आपण तिचं पान रिकामं करतो. डिंकाचे लाडू देतो, हळिवाचे लाडू देतो, ते उत्तम. पण पालेभाजी, फळ, डाळ बंद करतो.

ताई यावर गप्प बसली नाही. तिच्या गावांतल्या बायकांनी ती रीत मोडायला सुरुवात केली आहे, हे तिनं सांगितलं. पण आईचा मुद्दा मला इथे वरचढ वाटला. परंपरेनं भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि गाजर, वालपापडी, ओला हरभरा, बोरं घातलेली मिसळीची भाजी दिली. कॅल्शियम, लोह, अ आणि क जीवनसत्त्व एका जेवणात आणण्याची ती फार शहाणी रीत आहे. त्याच परंपरेनं बाईला शेवटी जेवायलाही शिकवलं. दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या.

गोळी आणि ताट यांचा वाद मुंबईत फार पूर्वी एकदा झडून गेला आहे, आणि त्याची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत कामाला आल्या. कापड गिरण्यांतल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि त्यातल्या कित्येक दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी असत, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाअभावी पेशी लहान होतात; म्हणजे हा रक्तक्षय वेगळा होता. जंतुसंसर्ग सापडेना. विल्स यांनी या बायका काय खातात याची चौकशी केली, तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला, आणि यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर रक्त सुधारतं हे १९३१ साली प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय काम करतं हे त्यांना माहीत नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या ढीगभर पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं: फॉलिक ॲसिड. पुढे चारेक वर्षांत आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवलं. आज प्रत्येक लाल आणि निळ्या गोळीत ते आहे.

ताई : बघ, म्हणजे त्या बायका खाण्यानं बऱ्या झाल्या. पालेभाज्या त्यांच्या पानात असत्या तर आजारीच पडल्या नसत्या.

आई : असत्या तर! नव्हत्या, म्हणून त्या मेल्या. आणि हे बघ, बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतो, ती नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, बाईला शंका आली, ती माझ्याकडे आली, तोवर ते दिवस सरलेले असतात. आधी असं व्यंग असलेलं मूल झालेल्या बायकांना दिवस जायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांश कमी झालं. १९९१ सालचा अभ्यास आहे. तिथे मी पालेभाजीच्या भरवशावर राहू? शिजवून, पाणी ओतून देऊन फोलेट किती उरतं?

ताई : मग पुण्याचं काय म्हणशील? केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, अंगानं बारीक बायका. त्यात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. नुसतं जास्त जेवून तसा फरक दिसला नाही. पालेभाजी, फळ, दूध, या तीन गोष्टींनी दिसला.

आई : आणि त्याच बायकांच्या रक्तात काय सापडलं ते पुढं सांग. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी. फोलेट मात्र जवळपास सगळ्यांत पुरेसं. बी-१२ कुठल्याच भाजीत नाही, धान्यात नाही, कडधान्यात नाही. जिवाणू ते बनवतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं. शाकाहारी घरातली सून, दूध चहापुरतं, ताक पाणीदार. तिला बी-१२ कुठून मिळणार? तुझ्या सगळ्या रानभाज्या एकत्र केल्या तरी नाही मिळायचं.

ताई : थांब मावशी, अजून पुढं मीच सांगते. ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. म्हणजे पुढच्या मधुमेहाची चाहूल. आणि आपण वर्षानुवर्षं बी-१२ न पाहता सगळ्या बायकांना ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड देतोय. ज्याची कमतरता नाही ते भरपूर, ज्याची आहे ते शून्य. मला गोळीची भीती वाटते ती यासाठी.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हे खरं आहे. आम्हाला जी गोळी आली ती आम्ही दिली. त्यात बी-१२ असावं का, हा प्रश्न वरच्यांनी फार आधी घ्यायला हवा होता.” मला या सगळ्या वादातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. एकच एक द्रव्य वेगळं काढून सर्वांना सारख्या मापानं देण्यात धोका असतो, हे ताईचं म्हणणं इथे पक्कं ठरतं. आणि जे द्रव्य ताटात येणारच नाही ते बाहेरून द्यावं लागतं, हे आईचं म्हणणंही त्याच अभ्यासातून निघतं.

ताईकडे मुंबईचाही दाखला होता. तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ देऊन पाहिला गेला. निदान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं, तेही आई फार खंगलेली नसेल तर. गरोदरपणातला मधुमेह मात्र जवळजवळ निम्म्यावर आला. आईनं लगेच विचारलं, “तीन महिने आधी म्हणजे कधी? आपल्याकडे लग्न झालं की दिवस जातात. म्हणजे सुरुवात लग्नाआधी, वयात येतानाच करायला हवी.” दोघी तिथे एकत्र आल्या, पण थोडाच वेळ.

ताई : बाळाच्या बाबतीत तरी निसर्गावर सोड. आईचं दूध आहे ना?

आई : सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे मी जन्मभर सांगितलं. पण त्या दुधात के जीवनसत्त्व अगदी थोडं असतं, म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला त्याचं इंजेक्शन देतात, नाहीतर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. लोह तर दुधात फारच कमी. ते बाळ आईच्या पोटातून शिदोरी बांधून आणतं. नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबलं तर शिदोरीत आणखी भर पडते. काही खर्च नाही, फक्त थांबायचं. सहा महिन्यांनी शिदोरी संपते आणि तेव्हा आपण काय भरवतो? पेजेचं पाणी, डाळीवरचं पाणी.

ताई : आणि कोवळ्या उन्हात तेल लावून निजवायचं, ते तरी चांगलं की नाही?

आई : मालीश चांगली, ऊन कोवळं नको. सकाळी सूर्य तिरका असतो, ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी कातडीत तयार होतं ते तेव्हा फार थोडे पोचतात. दुपारच्या आसपासचं ऊन लागतं, तेही हातपाय उघडे ठेवून. आपली कातडी सावळी, तिला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. बाळाला त्या उन्हात कसं ठेवशील? म्हणून त्याला ड जीवनसत्त्वाचे थेंब. आता तूच सांग, इतकं ऊन असलेल्या देशात ड जीवनसत्त्व कमी का? बायका अंगभर पदर घेऊन, मुलं शिकवणीत, नोकरदार दिवसभर बंद खोलीत.

आयोडीनवर दोघींचा वाद दोन वाक्यांत संपला. पावसानं धुऊन निघालेल्या डोंगराळ मातीत आयोडीन नसलं तर तिथल्या धान्यातही नसतं, कितीही सेंद्रिय पिकवा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ साली देशाचा कार्यक्रम सुरू झाला. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं, ते नंतर देऊन भरून येत नाही. ताई स्वतः घरात तेच मीठ वापरते.

अ जीवनसत्त्वाबद्दल आई हळवी होते. दिवेलागणीला ठेचकाळणारी, उंबऱ्याला अडकणारी मुलं तिनं पाहिली आहेत. रातांधळेपणानंतर डोळ्याची बाहुली फुटून कायमचं अंधत्व आलेलं एक मूलही. गोवराच्या लसीबरोबर नवव्या महिन्यात एक लाख युनिटची मात्रा, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत: ही चमच्याची बाटली तिला देवाच्या ठिकाणी आहे. ताईला वाटतं, आता मुलांत ती कमतरता पूर्वीइतकी राहिलेली नाही, शेवग्याचा पाला, पपई, लाल भोपळा वाढवावा आणि एवढ्या मोठ्या मात्रा सरसकट देणं थांबवावं. पोषणाच्या अभ्यासकांतही यावर दोन तट आहेत. माझं मत: जिथे गोवर अजून येतो आणि अंगणवाडीतल्या मुलांचं वजन भरत नाही, तिथे बाटली बंद करण्याची घाई नको.

ताई : गरिबांच्या गोळीबद्दल मी बोलते म्हणून तू चिडतेस. पण आपल्या शहरातल्या घरांत बघ. दुकानातून मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी बायोटिन, मुलांना चॉकलेटच्या रूपात गोळ्या. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटिन दिलं, गाजरातलंच द्रव्य, कर्करोग टळेल म्हणून. १९९४ साली निकाल आला. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खाणाऱ्याचं भलं होतं ते नुसत्या त्या एका रंगानं नाही.

आई : इथे मी तुझ्यापेक्षा कडक आहे. ६० हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते. लोक ती रोज दुधातून घेतात, महिनोन्महिने. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, मूत्रपिंडावर घाला. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. अ आणि ड चरबीत साठून राहतात, जात नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्याच्या अंगात लोह साठतं; त्याला लोहाची गोळी दिली तर इजा होईल. खनिज जास्त झालं की काय होतं ते यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या पाण्याच्या गावांत दिसतं, पिवळे दात, वाकडी हाडं. तपासल्याशिवाय, विचारल्याशिवाय घेऊ नका, हे मी गोळीच्या बाजूनंच सांगते.

ताई : मग रेशनच्या पोषणयुक्त तांदळाचं? शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यातला, त्यात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२. गडचिरोलीत लोकांनी प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकला. त्यांना विचारलं होतं कुणी?

आई : विचारायला हवं होतं, दाखवायला हवं होतं. पण त्यात बी-१२ आहे, हे तूच मघाशी मागत होतीस.

शेवटी बोलणं म्हातारपणावर आलं. आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आहे आणि आम्लपित्ताची गोळी आहे. दोन्ही औषधं दीर्घकाळ घेतली तर बी-१२ चं शोषण कमी करतात, आणि वय वाढलं की पोटातलं आम्लही कमी होतं. बी-१२ कमी पडलं की तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. ताईनंच आईला तपासणीला नेलं, आणि आज आईला बी-१२ चं इंजेक्शन चालू आहे. ताईचं म्हणणं, भूक मंदावलेल्या माणसाला ताटातून सगळं देता येत नाही. आईचं उत्तर, “म्हणून मी नाचणी सोडलेली नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या तिप्पट. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात, तिला दिवसाला बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पन्नाशीच्या बाईला घरातलं कोण सांगतं, तू दूध पी म्हणून?”

मला विचाराल तर, दोघींच्या वादाचा निकाल वयावर ठरतो. धडधाकट, नीट जेवणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत ताई बरोबर आहे: त्याला ताट पुरतं, गोळीचा नाद त्यानं सोडावा. नवजात बाळ, वयात येणारी मुलगी, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांच्या बाबतीत आई बरोबर आहे. त्यांची गरज ताटाच्या पुढे गेलेली असते आणि थांबायला वेळ नसतो. पण एका गोष्टीत दोघी माझ्या घरात अजून हरलेल्या आहेत. मटण केलं की कलेजी मुलग्याच्या ताटात जाते, दुधाचा पेला मुलग्यापुढे येतो, आणि पोर आईबरोबर शेवटी बसते. ५७ टक्क्यांच्या त्या आकड्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं.

तेव्हा एवढं करा. घरात दहा वर्षांच्या पुढची मुलगी असेल तर जवळच्या उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिथे पैसे पडत नाहीत. बारा वर्षांपुढच्या मुलीचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगितलेली गोळी रात्री जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर द्या, दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका, आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चालू ठेवा. शाळेत जंताची गोळी देतात ती चुकवू नका. आणि आज रात्री तिला सगळ्यांच्या आधी वाढा.